बाइंडरकाकांचं मशीन

काका गेले त्या दिवशी दुकानात मशीन नव्हतं. ते हृदयविकाराने गेले असं सगळे सांगतात, आणि ते खरंच आहे. तरी मला आधी मशीनबद्दल सांगावं लागेल.

काका बाइंडर होते. उताराच्या रस्त्यावर, सायकल दुरुस्तीवाला आणि इस्त्रीवाला यांच्या मध्ये त्यांचं दुकान होतं. पुढच्या खोलीत काम, मागच्या खोलीत संसार, मधे एक पडदा. पुढे खळीचा वास असायचा, मागे स्वयंपाकाचा. पडद्यापाशी दोन्ही एक व्हायचे.

मी वाचनालयात काम करते. साहित्यात एम.ए. झाल्यावर हीच नोकरी मिळाली. पानं सुटलेली पुस्तकं पिशवीत भरून काकांकडे न्यायची आणि बांधून झालेली परत आणायची, हे काम माझ्याकडे आलं. पहिल्याच दिवशी त्यांनी शिक्षण विचारलं. तेव्हापासून मी एमए. माझं खरं नाव त्यांना शेवटपर्यंत माहीत नसावं.

"ये एमए. त्या गठ्ठ्यावर बस. कवितांचा आहे, कुणी न्यायला येत नाही."

मी बसायचे. तिथून मशीन समोर दिसायचं. कागद कापायचं मशीन, ओतीव लोखंडाचं, काकांच्या छातीएवढं उंच. वरचं चाक फिरवलं की गठ्ठा दाबला जायचा. बाजूचा दांडा ओढला की पातं तिरकं खाली यायचं. शिवलेल्या पुस्तकाच्या कडा त्यावर कापून घेतल्या की जुनं पुस्तकही न्हाऊन आल्यासारखं दिसायचं. पात्याला धार असली की आवाज जेमतेम यायचा. धार गेली की ते करकरायचं. मग काकू पडद्याआडून सांगायच्या, "अहो, धार गेली तिची."

काकू मशीनला 'ती' म्हणायच्या.

"सवत आहे माझी," त्यांनी मला सांगितलं होतं. "लग्न होऊन आले तेव्हा ही आधीच घरात. रोज तेलपाणी तिला. मला कधी कुणी तेल लावलं?"

"तू कुठे करकरतेस?" काका म्हणाले.

"नाही करकरत? मग कान तपासून घ्या एकदा. हृदयाचं काय, चाललंच आहे."

माझी ओळख होण्याच्या काही वर्षं आधी काकांना झटका आला होता. तेव्हा शिरेत स्प्रिंग बसवली. त्यात त्यांची वरच्या मजल्यावरची राहती जागा विकली गेली आणि संसार दुकानाच्या मागच्या खोलीत आला. काका छातीवर बोट ठेवून सांगायचे, "दोन खोल्या आणि एक गॅलरी आहे इथे आत. डॉक्टरांना विचारलं, भाडेकरू ठेवता येईल का."

झटका एकदा येतो आणि खर्चही एकदाच होतो, अशी माझी समजूत होती. तसं नसतं. कमजोर झालेलं हृदय पोसावं लागतं. रक्त पातळ ठेवायची गोळी, अंगातलं पाणी काढायची गोळी, ठोके सांभाळायची गोळी. ठरावीक महिन्यांनी तपासणी. तपासणीच्या दिवशी दुकान बंद, म्हणजे त्या दिवसाची कमाईही गेली. काकूंच्या कानातलं गेलं. फ्रिज गेला. काकू म्हणाल्या, पुसायचं एक काम कमी झालं. मुलीचं कॉलेजचं शेवटचं वर्ष राहून गेलं आणि ती एका मोठ्या दुकानात बिलाच्या काउंटरवर उभी राहू लागली. याबद्दल मात्र घरात कुणी विनोद करत नसे.

डॉक्टरांनी मीठ बंद केलं तेव्हा काका म्हणाले, "चला, आता कुणाच्या मिठाला जागायला नको."

उताराच्या टोकाला एक छापखाना होता. छापखान्याचे मालक तिथले छापील कागद काकूंकडे घडी घालायला पाठवायचे, आणि मधून मधून स्वतः डोकावायचे. त्यांची नजर मशीनवर होती.

"काका, द्यायचं ठरलं तर आधी मला सांगा हं."

"तुम्हालाच सांगणार. वरून फोन करीन."

ते हसून निघून गेले. काकू घडी घालायच्या थांबल्या. त्या दिवशी त्या पहिल्यांदाच माझ्यासमोर म्हणाल्या, "देऊन टाकू या का हो? वर्षभराच्या गोळ्या निघतील."

काकांनी सुई पुठ्ठ्यात खोचून ठेवली. "ते आहे तोवर मी बाइंडर आहे," ते म्हणाले. "ते गेलं की नुसता पेशंट."

काकूंनी पुढचा कागद घडीला घेतला.

पुढच्या तपासणीला काका एकटे गेले. काकूंना छापखान्याचं काम पोचवायचं होतं. मी पुस्तकं न्यायला आले होते. काका परतले ते हातात एक मोठा पेरू घेऊन.

"डॉक्टरबाई खूश आहेत," ते म्हणाले. "मोठी गोळी अर्धी केली."

मोठी गोळी म्हणजे सगळ्यांत महाग गोळी. आकाराने ती लहानच होती. काकूंनी पडद्याला डोळे पुसले आणि सुरी आणली. आम्ही तिघांनी तो पेरू खाल्ला. माझ्या आणि काकूंच्या फोडींना मीठ होतं.

त्यानंतर काका रोज संध्याकाळी गोळी पुठ्ठ्यावर ठेवायचे आणि कामाच्या पात्याने तिचे दोन भाग करायचे. भुकटीचा कण पडत नसे. आयुष्यभर कागदाचे दोन सारखे भाग केलेला माणूस. एक भाग पाण्याबरोबर घ्यायचा, दुसरा दुसऱ्या दिवसासाठी डबीत. डबी काकू भरायच्या. गोळ्या पाकिटातून काढूनच आणायच्या. पाकिटाचे चकचकीत तुकडे खळीत पडतात म्हणायच्या. ते पटण्यासारखं होतं. काकांना खळीत धुळीचा कणही चालत नसे.

काही महिने बरे गेले, किंवा आम्हाला तसं वाटलं. मग काका उतार चढताना थांबायला लागले. दुकानाच्या अलीकडे सायकलवाला होता. त्याच्याकडे थांबून टायरचे भाव विचारायचे.

"काकांना हल्ली माझ्या धंद्याची फार काळजी," सायकलवाला मला म्हणाला. तो हसत नव्हता.

मग चपला घट्ट व्हायला लागल्या. पायावर बोट दाबलं की खळगा राहायचा. आडवं झालं की दम लागायचा, म्हणून ते भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपू लागले. मशीनचा दांडा त्यांच्याने ओढवेना. ते पुस्तक लावून द्यायचे आणि मी ओढायचे. "वाचलेलं पुस्तक कापताना हात कापतो का गं?" त्यांनी विचारलं. हे बोलतानाही ते मधे दोनदा थांबले.

एका सकाळी त्यांना वाक्यच पुरं करता येईना. सायकलवाल्याने रिक्षा बोलावली. मुलगी कामावरून परस्पर हॉस्पिटलात आली.

डॉक्टरबाई तरुण होत्या. कागद चाळत त्यांनी विचारलं, "गोळ्या चुकल्या का मधे?"

"एकही नाही," काकू म्हणाल्या.

"ही मोठी?"

"ती अर्धी. तुम्हीच कमी केलीत ना."

"मी नाही कमी केली."

काकू काकांकडे वळल्या. काकांच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता आणि नजर छताला.

"अहो?"

काकांनी मास्क जरासा वर उचलला. "सुधारणा वाटत होती मला," ते म्हणाले.

"पेरू आणलात तुम्ही माझ्यासाठी."

"गोड होता ना?"

मुलगी उठून खिडकीपाशी गेली. डॉक्टरबाईंनी मास्क नीट बसवला आणि गोळ्या दाखवा म्हणाल्या. डबी काकूंच्या पिशवीतच होती. पण त्यांनी ती लगेच काढली नाही. पिशवीत हात घालून तशाच बसल्या. शेवटी मीच डबी घेऊन पुढे केली. डॉक्टरबाईंनी एक अख्खी गोळी तळहातावर घेतली, उजेडात धरली आणि तिच्यावरचा बारीक आकडा वाचला.

"ही मी लिहून दिलेली नाही. नाव तेच, पण ताकद निम्मी. दुकानदाराने दिली?"

"मी मागितली," काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज मला ओळखू आला नाही. "हलकी आहे का विचारलं, तर आहे म्हणाला. स्वस्त पडते. तुम्ही कमी केलीच होती ना, म्हणजे बरं आहे त्यांना. म्हटलं, अजून थोडी कमी चालेल. पाकिटावरचं वाचतील, म्हणून काढून आणत होते."

"आणि हे तिचे परत दोन भाग करत होते."

काकूंनी मान हलवली.

"अर्ध्याची अर्धी," डॉक्टरबाई हळू म्हणाल्या. त्या रागावतील असं मला वाटलं होतं. त्या खुर्ची ओढून बसल्या.

मास्कच्या आत वाफ धरली. काका हसत होते. हसताना खोकला आला आणि नर्सने त्यांना उठवून बसवलं. खोकला थांबल्यावर त्यांनी काकूंचा हात चाचपून धरला.

"सवतीसाठी केलंस?"

"गप्प बसा तुम्ही," काकू म्हणाल्या. हात त्यांनी सोडवून घेतला नाही.

अंगातलं पाणी निघेपर्यंत काका हॉस्पिटलात होते. त्यातले बरेच दिवस काचेच्या खोलीत, जिथे प्रत्येक दिवसाचं बिल वेगळं होतं आणि कुणाला आत बसू देत नसत. मुलीने कामावरून उचल घेतली. वाचनालयाकडून बाइंडिंगचं जे येणं होतं ते मी आधी मिळवून दिलं. दोन्ही मिळून काहीच झालं नाही. मग काकू छापखान्यात गेल्या.

काकांना कुणी विचारलं नाही.

छापखान्याचे लोक मशीन न्यायला आले तेव्हा मी तिथे होते. काकूंनी आधी ते फडक्याने पुसलं. चाक, दांडा, पात्याची मागची बाजू. मग सांध्यांना तेल सोडलं. छापखानेवाले म्हणाले, "काकू, राहू द्या, तिकडे नेऊन करतोच आहोत आम्ही."

"तिला सवय आहे," काकू म्हणाल्या.

जमिनीतले बोल्ट गंजले होते. सायकलवाल्याने पाना आणून ते सोडवले. उतारावरून गाडा खाली जाताना इस्त्रीवाल्याने इस्त्री बाजूला ठेवली आणि दारात येऊन उभा राहिला.

काका घरी आले तेव्हा मी आणि मुलीने त्यांना दोन्ही बाजूंनी धरलं होतं. पुढच्या खोलीत मधोमध फरशीचा एक चौकोन उजळ होता. चार कोपऱ्यांना चार भोकं. काका दारात थांबले.

"बरीच जागा झाली की," ते म्हणाले.

आणि त्या चौकोनाला वळसा घालून मागच्या खोलीत गेले. आम्हीही वळसाच घातला. त्या चौकोनात कधी कुणी पाय ठेवला नाही, खुर्चीही नाही.

आता गोळी पूर्ण ताकदीची होती आणि पूर्ण होती. रोज संध्याकाळी काकू पाकीट काकांसमोर धरायच्या, आकडा वाचून घ्यायच्या. काका गोळी गिळायचे आणि तोंड उघडून दाखवायचे. दोघांचाही आता एकमेकांवर विश्वास नव्हता. हे बोलून काकाच हसायचे.

पुस्तकं ते अजून शिवत होते. कडा कापायला मुलगी ती छापखान्यात घेऊन जायची. तिथे कापणावळ द्यावी लागे. पहिल्यांदा ते पैसे दिले तेव्हा काकांनी कापलेली कड अंगठ्याने बराच वेळ चाचपली. नंतर त्यांनी नवीन पुस्तकं घेणं बंद केलं. वाचनालयाची तेवढी घ्यायचे, बहुधा माझ्यासाठी.

"अख्खी गोळी खातो आहे, एमए," ते एकदा म्हणाले. "खाऊन करायचं काय, ते डॉक्टरबाईंनी लिहून दिलेलं नाही."

मी गठ्ठा सरळ करत राहिले.

ते एका दुपारी गेले, भिंतीला टेकून बसलेले. सुईत दोरा ओवलेला होता. मांडीवर वाचनालयाचं पुस्तक, निम्मं शिवलेलं. ते पुढे काकूंनी पुरं केलं. त्यांचे टाके जरा मोठे आहेत. ते पुस्तक मी कपाटात ठेवलं आहे, पण अजून कुणाला दिलेलं नाही.

अर्ध्या गोळ्यांच्या त्या महिन्यांनी किती नुकसान केलं, असं काकूंनी डॉक्टरबाईंना विचारलं. तेवढ्यानेच झालं असं म्हणता येत नाही, आणि तसं नाही असंही म्हणता येत नाही, असं त्या म्हणाल्या. काकू हे वाक्य मला शब्दाशब्दाने सांगतात. अधूनमधून, मी न विचारता.

दुकान सुटलं. मुलीने कामाच्या जवळ एक खोली घेतली आहे. काकू छापखान्यात घडी घालायला जातात, आता तिथेच बसून. वाचनालयाची पुस्तकंही आता तिथेच जातात, त्यामुळे आमची भेट होते. मशीन भिंतीजवळ ठेवलं आहे. काकूंनी बसायची जागा अशी निवडली आहे की मशीन त्यांच्या पाठीशी येतं.

परवा मी गेले तेव्हा कुणीतरी कागद कापत होतं. दांडा ओढला की करकर होत होती. काकूंचे हात थांबले नाहीत.

"धार गेली तिची," त्या म्हणाल्या.

"सांगितलंत का त्यांना?"

त्यांनी घडीवरून नख फिरवलं. कागद बाजूला ठेवून दुसरा घेतला.

"मालक विचारत होते काल. काका धार कुठून लावून आणायचे, काकू, तुम्हाला ठाऊक असेल. म्हटलं, मला काय ठाऊक. मी आपली मागच्या खोलीत असायचे."