झाकण न उघडता

गवंड्याचं रक्त उतरलं होतं. हिमोग्लोबिन दहाच्या वर गेल्याशिवाय पोटाच्या ऑपरेशनला हात लावणार नाही, असं सर्जनने सांगून टाकलं होतं. आकडा होता पावणेआठ, आणि मुदत सहा आठवड्यांची.

गवंड्याची मुलगी रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत कामाला होती. बापाच्या रक्ताचा तो आकडा तिनेच यंत्रातून काढला होता. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, पण बाबा जेवतच नव्हते आणि रिकाम्या पोटी गोळी ठरत नव्हती. मग रजा टाकून तिने स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. प्रयोगशाळेची शिस्तही बरोबर आत आली. पालेभाजी बारीक चिरायची, तीन पाण्यांनी खळखळून धुवायची, पातेलंभर पाण्यात उकळायची आणि पाणी मोरीत ओतून द्यायचं. कसं अगदी निर्जंतुक!

"पोरी, यापेक्षा भिंतीचा गिलावा चवदार असतो," बाबा ताट सारत म्हणाले.

"तुम्ही कधी खाल्लात?"

"तोंडात उडतो की! चाळीस वर्षांचा अनुभव आहे."

आठवड्याने आत्या आली. गवंड्याची थोरली बहीण. उंची जेमतेम साडेचार फूट, आवाज मात्र शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा. डोळ्यांत आता उजेड-अंधाराइतकंच उरलेलं, आणि काखेतल्या पिशवीत लोखंडी कढई. ती स्वयंपाकघराच्या दारात थबकली.

"काय ओतलंस गं?"

"भाजीचं पाणी, आत्या."

"म्हणजे भाजी मोरीला वाढलीस आणि चोथा माझ्या भावाला!"

त्या दिवसापासून भाजी आधी धुऊन मग चिरली जाऊ लागली. कढईत ओंजळभर पाणी, वर घट्ट झाकण, आच मंद. डाळ भिजवूनच शिजायची. भाजीत टोमॅटो पडायचा, आणि ताट वाढल्यावर आत्या चाचपडत लिंबाची फोड शोधून वरून पिळायची. आंबटाने अन्नातलं लोह अंगी लागतं, हे मुलीने पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहून मार्कही घेतले होते. पण पुस्तकातल्या त्या ओळीची आणि घरातल्या लिंबाची आजवर भेटच झाली नव्हती.

चहाचं तर नावच काढायचं नाही. जेवणावर लगेच चहा ढोसला की लोह वाया जातं, आणि गवंड्याला तर आचवायच्या आधी कप लागायचा. आत्याने भांडण केलं नाही. हात पुसून ती त्याच्यासमोर बसायची आणि ती पूर्वी जिथे रांधायची त्या कारखान्याच्या कँटीनमधली गोष्ट सुरू करायची. मुकादमाच्या ताटात मीठ दोनदा कसं पडलं, साहेबांनी वरणातून शर्टाचं बटण कसं काढलं. सगळ्यांचे आवाज ती एकटीच काढायची. गवंडी पोटावर हात दाबून हसायचा, आणि चहाची आठवण येईतो तास उलटलेला असायचा.

एकदा मुलीने कढईचं झाकण उचलायला हात घातला, तशी पाटावर बसलेली आत्या कडाडली, "हात मागे! अजून दोन चमचे पाणी आहे खाली."

"तुला कसं कळलं?"

"डोळे मीट."

तिने मिटले. आधी नुसती खदखद ऐकू आली. मग खदखदीचा आवाज बारीक झाला, बुडबुडे एकेकटे फुटू लागले, आणि त्यांच्याही खालून कुठून तरी चुरचुर सुरू झाली.

"आता उतरव," आत्या म्हणाली.

मुलीने झाकण काढलं. भाजी हिरवीगार, पाण्याचा थेंब नाही, बुडाला करपल्याचा डाग नाही.

"बत्तीस वर्षं तीनशे माणसांचं रांधलं," आत्या सांगत होती. "पातेली माझ्या डोक्याहून उंच. वाकून बघायला स्टूल लागायचं, आणि स्टूल दर वेळी कुणीतरी पळवायचं. मग काय करणार, कान लावला. लोक म्हणतात आत्याचे डोळे गेले. अगं, मी कधी बघून रांधलंय?"

प्रयोगशाळेत मुलीच्या हाताखाली लाखांची यंत्रं होती. असं यंत्र तिने पाहिलं नव्हतं. ती गुपचूप पाटाशेजारी जमिनीवर बसली, आणि पुढे रोज बसत राहिली.

सहाव्या आठवड्यात तिने बाबांचं रक्त घेतलं. विश्वास बसेना म्हणून दोनदा तपासलं. दहा पूर्णांक दोन. धावतच घरी येऊन तिने आकडा सांगितला. बाबा नुकतेच जेवायला बसले होते.

"गोळ्यांनी काम केलं हो," आत्या म्हणाली.

"गोळ्या आधीही होत्या ताई, पोटात टिकत नव्हत्या," गवंडी म्हणाला. मग त्याचा आवाजच खाली आला. "आता खरंच कापतील गं मला."

मुलगी चरकली. सुरुवातीला बाबा ताट का सारत होते, ते तिला आत्ता कळलं. आत्याने मात्र अंदाजाने हात पुढे केला. तो बरोबर भावाच्या मनगटावर पडला.

"कापतील आणि शिवतील. भिंत फोडून तू दार बसवतोस, तेव्हा घर मरतं का रे धाकट्या?"

गवंड्याने बराच वेळ घास उचलला नाही. कढईला कान लावायची तशी मान किंचित कलती करून आत्या त्याचा श्वास ऐकत राहिली.

"घाल थोडी भाजी," तो शेवटी म्हणाला.

"दोन डाव वाढ गं," आत्याने मुलीला सांगितलं. "खरी भूक आहे."