व्हय म्हणा, पावणं

माझ्या बायकोच्या धाकट्या मामांशी बोलताना 'व्हय' म्हणायचं चुकवून ज्याची सुटका झाली, असा माणूस अख्ख्या कोल्हापूर जिल्ह्यात शोधून सापडायचा नाही. मी स्वतः बारा वर्षं व्हय म्हणतो आहे.

राजारामपुरीतल्या दुकानात मामा टीव्ही, वॉशिंग मशीन आणि ज्याला म्हणून वायर आहे ते सगळं दुरुस्त करतात. पण त्यांचा खरा जीव हरभऱ्याच्या डाळीएवढ्या, आठ पायांच्या मेमरी चिपमध्ये. टीव्हीचे चॅनल, रंग, आवाज, सगळं त्या बारक्या जिवाला पाठ असतं. तिच्याशी बोलायचं तर दोन वायरींवरून आधी तिचा पत्ता पुकारायचा. तिने ओ दिली की एक अक्षर पाठवायचं, ते पोचल्याची पावती आली की पुढचं. पावती नाही तर अक्षर नाही. हा चिपचा कायदा मामांनी घरादाराला लावला. आधी "पावणं" अशी हाक, माझी ओ येईपर्यंत गप्प. मग एक वाक्य, त्यावर माझं व्हय, मग दुसरं. एकदा मी तोंडात पोह्यांचा घास असताना फोन घेतला, तर चंदगडहून काजू आल्याची बातमी मला सहा वेळा ऐकावी लागली. एका पत्त्यावर दोन चिपा असल्या तर दोघी एकदम बोलून घोळ करतात, म्हणून एका लग्नात बाळू नावाच्या दोन भाच्यांपैकी एकाला त्यांनी पंगत उठेपर्यंत गप्प बसवलं होतं.

दुसरा कायदा असा, की नवं लिहायच्या आधी जुनं वाचून ठेवायचं. घराला रंग द्यायचा ठरला तेव्हा भिंतीवरचे फोन नंबर आणि पोरांच्या उंचीच्या रेघा त्यांनी वहीत उतरवून घेतल्या, आणि रंग वाळल्यावर पेन्सिलीने पुन्हा जागच्या जागी काढल्या. मग रंग दिला कशाला, असं मामी दिवाळीपर्यंत विचारत होत्या.

या सगळ्या कारभाराची मदार मामींवरच होती. मामी शिरोळच्या, आवाज खणखणीत. तीस वर्षं त्या स्वयंपाकघरातून व्हय म्हणत आल्या. ऐकून म्हणत होत्या की सवयीने, ते त्यांनाच ठाऊक. गेल्या वर्षी ते व्हय येईनासं झालं. मामांनी वाक्य परत सांगितलं, मग मोठ्याने, मग ओरडून. सगळ्या गल्लीसमोर खेकसतात म्हणून मामी रुसल्या आणि घरात बोलणंच थांबलं. मी दुकानात गेलो तर मामा उघडा टीव्ही समोर ठेवून नुसते बसलेले.

"लाईन चांगली हाय," ते म्हणाले. "तिकडनंच उत्तर न्हाय."

तो माणूस हाक न मारता बोलला, तेव्हा मला काळजी वाटली.

रुसवा नाही, मामींचे कान गेलेत, हे माझ्या बायकोने ओळखलं. कानाच्या डॉक्टरबाईंनी ऐकायचं यंत्र कॉम्प्युटरला जोडलं, मामींना कोणता आवाज किती वाढवून हवा ते त्यातल्या चिपवर लिहायला. मामा पुढे सरकले. "आधी वाचून घेतलासा काय?" यंत्र नवीन आहे, कोरंच आहे, असं बाई सांगत होत्या, तरी मामांनी वाचायला लावलंच. यंत्र कानात बसल्यावर मामा दाराशी गेले आणि पाठीमागून, जन्मात कधी नव्हे इतक्या हळू, मामींना नावाने हाक मारली.

"ओ," मामी म्हणाल्या. "वरडाय काय झालं?"

मामा चष्मा पुसायला बाहेर गेले ते बराच वेळ आले नाहीत.

आता मामी दिवसभर यंत्र वापरतात, पण संध्याकाळी कंटाळून ते डबीत ठेवतात आणि भाजी निवडत पायरीवर बसतात. परवा गेलो तर मामा शेजारी बसून दुकानातली दिवसभराची हकीकत सांगत होते, वाक्यामागून वाक्य, कुठे न थांबता. मी म्हटलं, मामा, यंत्र डबीत आहे, व्हय कोण म्हणणार?

"न्हाय तर न्हाय," मामा म्हणाले. "शेजारी बसलीया की."

मामींनी वर न बघताच अर्धी मेथी त्यांच्या मांडीवर टाकली. मामा पानं खुडत बोलत राहिले. रिक्षाने घरी पोचेपर्यंत मला, सकाळीच भेटलेल्या माझ्या बायकोची फार आठवण येत होती.