कोपऱ्यातलं ठिगळ

कस्टमरकडून आलेलं पार्टचं कॉम्प्युटरवरचं मॉडेल जसंच्या तसं मशीनला देता येत नाही, हे मला आमच्या घरी आजवर कोणाला पटवता आलेलं नाही. मी सकाळी रावेतहून चाकणला कारखान्यात निघाले की नवरा अजूनही विचारतो, "चित्र तर तयार असतं, मग दिवसभर करतेस काय?" मी म्हणते, शिवणकाम. फाइल एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात येताना शिवणी उसवतात, एखादा पृष्ठभाग गळूनच पडतो. ते सगळं सांधायचं, नको ती अक्षरं पुसायची आणि मगच मशीनचं कापणारं टूल कुठून कसं फिरेल ते ठरवायचं. टूलला स्वतःची अक्कल नसते. मॉडेल सांगेल तिथे ते पोलादात शिरतं.

हे काम माझ्याइतकं चोख कोणी करत नाही, असा माझा तोरा होता. नव्या पोरांना मीच शिकवायचे. मशीनवाले आम्हाला उंटावरून शेळ्या हाकणारे म्हणायचे, त्याचा मला भारी राग यायचा. एसीत बसतो म्हणून काय झालं?

मोठ्या मशीनवर एक वयस्क ऑपरेटर होते, सगळे त्यांना मामा म्हणायचे. चाकणजवळच्याच गावचे. जनरल शिफ्टला येण्याआधी ते नातीला गाडीवर शाळेत सोडायचे, आणि ती मागे बसून पाढे कसे चुकवते ते मला हसत सांगायचे.

एकदा हेडलाइटच्या काचेच्या साच्याचं काम होतं. दुपारी मशीन थांबलं. एका कोपऱ्यात खड्डा पडला होता, पोलादाचा अख्खा ब्लॉक वाया. त्या कोपऱ्यासाठी मामांनी लहान टूल लावलं होतं, आणि टूलची लांबी मशीनच्या स्क्रीनवर हाताने भरावी लागते. आकडा चुकला असणार, हे सगळ्यांनी ठरवूनच टाकलं. मामा हल्ली डोळे बारीक करून वाचतात, हे सगळ्यांनी पाहिलं होतं. मामांनीही वाद घातला नाही. दुसऱ्या दिवसापासून त्यांना पॅकिंगला बसवलं.

खड्डा पडला त्याच संध्याकाळी, निघताना मी सहज त्यावरून बोट फिरवलं. बोटाला कुठेच कड लागली नाही. लांबी चुकली असती तर टूल सगळीकडे सारखंच खोल गेलं असतं आणि काठाला पायरी पडली असती. हा खड्डा गुळगुळीत उतरत गेला होता. मी परत वर जाऊन मॉडेल उघडलं आणि आडवं फिरवलं. त्या कोपऱ्यातला पृष्ठभाग गळाला होता, तिथे मी ठिगळ लावलं होतं. लोणच्याच्या बरणीला सैल बांधलेल्या फडक्यासारखं ते मधोमध खाली बसलं होतं. मी ते फक्त वरून पाहिलं होतं. मामांचा आकडा बरोबर होता.

तरी मी दोन दिवस गप्प बसले. लिहायला लाज वाटते, पण बसले. चोर सोडून संन्याशाला फाशी चालली होती आणि चोर पोरांना मॉडेल कसं तपासायचं ते शिकवत होता.

त्यातल्या दुसऱ्या दिवशी मामाच माझ्या टेबलापाशी आले. "ताई, सायबांना सांगून बघा की. मशीनवरनं नगा काढू म्हणावं. आकडा मी नीट बघितला व्हता, पर आता माझाच मला भरवसा न्हाई."

"बघते," एवढंच बोलले मी. त्या रात्री जेवण गेलं नाही.

सकाळी साहेबांसमोर मॉडेल आडवं फिरवून दाखवलं. ते बोलायचं ते बोलले, मी ऐकून घेतलं. मग पॅकिंगला गेले. मामा पार्टला ग्रीस लावून कागदात गुंडाळत होते. उभ्या उभ्या सगळं सांगितलं. त्यांनी शिव्या घालाव्यात, असंच मला वाटत होतं.

त्यांनी चिंधीला हात पुसले. "म्हंजी आकडा बराबर वाचला व्हता मी?"

"हो मामा. माझं चुकलं."

ते तिथल्याच क्रेटवर टेकले. "तीन दिस झालं, नातीला शाळंत चालतच न्हेतोय. म्हटलं, स्क्रीनवरचा आकडा दिसंना, तर समोरचा ट्रक काय दिसणार. पोरगी रोज रडतीया, गाडी काढा म्हणून."

मी एक पार्ट उचलून कागदात गुंडाळायला घेतला.

"मग ताई, उद्यापास्नं काढू ना गाडी?" त्यांनी मलाच विचारलं.