शंकाबाईची एक ओळ

माझ्या वहिनीचा कशावरच विश्वास नाही. गॅस बंद केलेला ती स्वतःच्या डोळ्यांनी बघते, कुलूप लावते, जिना उतरते आणि पुन्हा वर जाते. दादानं तिचं नाव शंकाबाई ठेवलं आणि आम्ही सगळ्यांनी ते उचलून धरलं. दर वेळी तिच्यापायी उशीर होतो आणि माझं डोकं तापतं.

तिच्या कंपनीत कमी दिवसांच्या बाळांसाठी काचेच्या पेट्या बनतात. पेटीची ऊब राखणारा जुना प्रोग्रॅम सी भाषेत आहे. तो लिहिणारे गृहस्थ कधीचे निवृत्त झाले, पण प्रोग्रॅम इतका खणखणीत की त्याला हात लावायची कुणाची छाती होत नाही. वहिनीनं त्याला पायथन नावाच्या दुसऱ्या संगणकभाषेत नवा पडदा जोडला. त्यावर आकडे, आलेख आणि धोक्याची घंटा. घंटेची व्यवस्था अशी की पायथननं सीला एका फंक्शनचा, म्हणजे घंटा वाजवणाऱ्या कोडच्या तुकड्याचा, पत्ता देऊन ठेवायचा, आणि बाळ गार पडू लागलं की सीनं त्या पत्त्यावर हाक मारायची.

पहिली पेटी चाचणीसाठी रुग्णालयात गेली होती, तिच्यात एक बाळही होतं. सुट्टीचा दिवस होता. मी टेबलावर मटार सोलत होते, समोर वहिनी लॅपटॉप उघडून बसलेली. तेवढ्यात तिच्या साहेबांचा फोन आला, तिनं तो स्पीकरवर घेतला. पेटीवरचा पडदा काल एकदा आपोआप बंद पडला, नर्सनं पुन्हा चालू केला, आता झकास चाललंय म्हणाले.

"पण बंद का पडला?" वहिनीनं विचारलं.

"अहो, मशीन आहे. शिंक आली असेल त्याला. तुम्ही आराम करा."

आराम करेल ती शंकाबाई कसली! तिनं लॅपटॉपवर तोच प्रोग्रॅम चालवला आणि खोटं तापमान खाली आणून बघितलं. घंटा वाजली. पुन्हा आणलं, पुन्हा वाजली.

"पुरे आता, वाजतेय ना?" मी म्हटलं.

तिनं आधी आठवडाभराचे आलेख उघडले आणि मग तापमान उतरवलं. या वेळी घंटा वाजली नाही. अख्खा पडदाच नाहीसा झाला.

वहिनीनं कोड उघडला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "माझीच ओळ," ती म्हणाली. जगभरच्या शंका काढणाऱ्या बाईनं नेमकी तेवढीच तपासली नव्हती.

"नीट सांगशील का?"

"सीला पत्ता दिला, पण ते फंक्शन पायथनमध्ये मी कुठं धरूनच ठेवलं नाही. पायथनला वाटलं हे कुणालाच नकोय, त्यानं टाकून दिलं. सीला काय माहीत? घर रिकामं झालं तरी सामान काही वेळ पडून असतं, म्हणून हाक मारली की ओ यायची. तिथं दुसरं कुणी, आत्ता हे आलेख, राहायला आलं की संपलं." बोलता बोलता ती रुग्णालयात फोन लावत होती, स्पीकरवर. "आणि बाळ गार पडेल तेव्हाच हाक जाणार, म्हणजे पडदा नेमका तेव्हाच बंद पडणार."

रिंग वाजत राहिली. मला तो फोन हिसकावून घ्यावासा वाटत होता, घेऊन काय करणार होते कुणास ठाऊक. शेवटी नर्सनं उचलला.

"पेटीचा पडदा चालू आहे का?"

"काळा दिसतोय. पण घंटा वाजली नाही, म्हणजे बाळ ठीक असेल ना?"

"पडद्याचं सोडा. बाळाला हात लावून बघा. आत्ता."

फोन कुठंतरी आपटला. मग धावती पावलं. मग लांबून आवाज आला, "पेटीची खिडकी नीट लागली नव्हती. गार पडलंय हो."

त्या बाळाचं मी तोंडही बघितलं नव्हतं, तरी मला रडू फुटलं. वहिनी रडली नाही, हललीही नाही. खूप वेळानं फोनमधून एक बारीक, चिडकं रडणं ऐकू आलं.

"आईच्या छातीशी दिलंय," नर्स म्हणाली. "ऊब धरतंय."

वहिनीनं पेटी बंद करायला सांगितली आणि साहेबांना फोन केला. वीज गेली होती असं रुग्णालयाला सांगू, असं साहेब म्हणत होते. "नाही," ती म्हणाली. "चूक माझी आहे. माझं नाव सांगा."

दुरुस्ती फार नव्हती. फंक्शनला एक नाव देऊन पायथनमध्ये धरून ठेवायचं, बस. तरी बाकीच्या पेट्या तिनं बरेच दिवस कारखान्याबाहेर जाऊ दिल्या नाहीत.

परवा आम्ही सगळे बाहेर निघालो. वहिनीनं कुलूप लावलं, जिना उतरली आणि थांबली. दादा सवयीनं हसायच्या बेतात होता. तिनं किल्ली माझ्या हातात ठेवली.

"गॅस तू बघून ये," ती म्हणाली. "मी बघून उपयोग नाही."

मी वर गेले. गॅस बंद होता. मी दोनदा बघितला.