पहिल्या घासाची कसोटी

माणूस इथे अपघातात मरतो आणि दुसऱ्याच जगात तलवार घेऊन उठतो, अशा जपानी अ‍ॅनिमे मालिका ढिगाने निघतात. त्यातली बघण्यासारखी कोणती, हे ओळखायची माझ्या पुतणीची, सईची, एक पद्धत आहे. लढाया भराभर पुढे पळवून ती नायकाचं तिथलं पहिलं जेवण बघते. घास घेताना त्याला घर आठवलं नाही, तर मालिका बंद.

सई पुढच्या आठवड्यात शिकायला जर्मनीला जाणार आहे. परवा तिने पाचवी मालिका पहिल्याच भागात बंद केली. नवं जग बघण्यात गुंतलेल्या माणसाला घर नक्की कधी आठवतं, हा प्रश्न मलाही पडला. शेजारी तिची आई, म्हणजे माझ्या वहिनी, मेथी निवडत होत्या. सईने त्यांनाच विचारलं,

"आई, लग्न होऊन मालवणहून नागपूरला आलीस, तेव्हा पहिल्या घासाला काय आठवलं गं?"

"काही नाही. सगळे माझ्याकडे बघत होते. छान झालंय म्हटलं आणि जेवले."

"मग तुझी मालिका मी बंदच केली असती."

"चुकली असतीस. मला रडू दुसऱ्या दिवशी आलं, भांडी घासताना."

सईने रिमोट उचलला आणि पाचव्या मालिकेचा दुसरा भाग लावला.