कौल वाजवून घ्यावं, मास्तरही

कौलाचा तो बद्द आवाज निवृत्तीनंतरही कानातून गेलेला नाही. म्हणून ही केस सांगतो.

तेव्हा मी आंबेगाव तालुक्यातल्या एका बाजारपेठेच्या गावी पोलीस ठाण्याचा साहेब होतो. सकाळची हजेरी उरकली आणि तळेघरकडची एक बाई मुलीला घेऊन आली. मुलीचा उजवा हात प्लास्टरमध्ये. पोरगी पोलीस भरतीची तयारी करणारी, मैदानी चाचणी दीड महिन्यावर, आणि गोळा फेकायचा तो याच हाताने.

"मारलं कुणी?" मी विचारलं.

"कुनी न्हाई, साहेब. कौलानं."

मला हसू आलं. आज त्याची लाज वाटते.

आमच्याच गावातल्या कराटे क्लासच्या कार्यक्रमात पोरीने एका फटक्यात सहा कौलं फोडली होती, तिथेच तिला वरचा पट्टा मिळाला होता. घरी आईला दाखवायला तिने पडवीतलं एकच कौल मांडलं. कौल शाबूत राहिलं आणि मनगट मोडलं. मास्तर म्हणाला, फटका चुकला. आई म्हणत होती, "चुकला आसंल. पर तितं सहा फुटली आन हितं एक न्हाई, ह्ये कसं?"

अर्ज घेतला, स्टेशन डायरीला नोंद केली आणि मी दुसऱ्या कामाला लागलो.

दोन दिवसांनी बाजारातले कापडाचे व्यापारी आले. मूळचे राजस्थानचे जैन, पण तीन पिढ्या इथेच. त्यांची नात त्याच क्लासला जायची. "साहेब, माझं नाव येऊ देऊ नका. माझं गोडाऊन त्या क्लासच्या मागं आहे. मास्तर कौलांना खालनं करवत लावतो. मी डोळ्यांनी पाहिलंय."

मास्तरला बोलावलं. गडी गोडबोल्या, भिंतभर सर्टिफिकिटं असलेला. तासभर दाद देईना. मी लहानपणी तालमीत गेलेला माणूस, म्हणून सहज विचारलं, "नव्या पोरांना पहिलं काय शिकवता?"

"फटका," तो छाती काढून म्हणाला.

आमचा वस्ताद आधी पडायला शिकवायचा. पडता येत नाही तोवर कुणाच्या अंगाला हात लावू द्यायचा नाही. तिथेच मला संशय पक्का झाला. पण संशय म्हणजे पुरावा नव्हे, म्हणून पंच घेऊन क्लासवर गेलो. बाईलाही बोलावलं.

कोपऱ्यात कौलांची चळत होती. वरून सगळी धड. मास्तर म्हणाला, "बघा की साहेब, बाजारातलीच आहेत." बाईने एक कौल हातावर तोललं आणि बोटाच्या पेराने ठोकलं. बद्द. दुसरं ठोकलं, तेही बद्द. मग पिशवीतून घरचं कौल काढून वाजवलं, ते घंटेसारखं खणकलं. बाई दरवर्षी पावसाआधी घर शाकारणारी, तिला कान पुरेसा होता. पंचांनी कौलं उलटी केली. प्रत्येकाच्या पाठीवर करवतीची खाच, वर मातीचा लेप.

मास्तरने सगळं कबूल केलं. सर्टिफिकिटं त्याने स्वतःच छापून घेतली होती. फसवणुकीचा गुन्हा दाखल झाला, पुढे शिक्षाही झाली.

मी बाईला म्हटलं, "मावशी, तुम्ही तर तपासच लावलात."

ती हसली नाही. "कौल घेताना आमी वाजवून घेतो, साहेब. मास्तर घेताना तेवढं ऱ्हायलं. भितीवर तुमचा फोटू व्हता ना."

भिंतीवर खरंच मी होतो. वर्दीत, हार घातलेला, क्लासच्या आदल्या वर्षीच्या कार्यक्रमाचा प्रमुख पाहुणा. तेव्हाही कौलं फुटली होती, आणि टाळ्या वाजवणाऱ्यांत मी पहिला होतो. हवालदाराला म्हटलं, "तो फोटोपण मुद्देमालात घ्या."

"साहेब, तो कशाला?"

"लिहा. गिऱ्हाईक त्यानेच आणलंय."

आता जुन्नर-आंबेगावातले पालक मला विचारतात, कुठला क्लास चांगला? मी म्हणतो, राव, पट्टे आणि फोटो बघू नका. न सांगता जाऊन तासभर बसा. बसू देत नसेल तर तिथूनच परत फिरा. नवं पोर पडलं की मास्तर काय करतो, ते बघा. आणि पट्टा कधी मिळेल हे पहिल्याच दिवशी सांगणाऱ्याला लांबूनच नमस्कार करा.

पोरीची त्या वर्षीची भरती हुकली. पुढच्या वर्षी गोळा कमी पडला. परवा शिनोलीच्या फाट्यावर भेटली, होमगार्डच्या वर्दीत. मला ओळखून तिने कडक सलाम ठोकला. मनगट काही पूर्ण सरळ होत नाही तिचं. मी सलाम घेतला, पण तिच्या डोळ्यांत बघायचं धाडस झालं नाही.