मुक्तिदिनाचा मांडव

टेंडर उघडलं त्या दिवशी सोमनाथ गाडेकरला जेवण गेलं नाही. पुंडलिकनगरातल्या घरी बायकोनं, रूपानं ताट वाढलं, त्यानं भाकरी मोडली आणि तशीच ठेवून दिली.

"कुणाला गेलं?" तिनं विचारलं.

नाव घ्यायला त्याची जीभ वळेना. "पगाऱ्याच्या पोरीला," तो शेवटी म्हणाला आणि हात धुवायला उठला.

सतरा सप्टेंबरच्या मुक्तिदिनाचा सरकारी मांडव गाडेकरांनीच घालायचा, अशी शहरात रीतच पडली होती. औरंगपुऱ्यातल्या गल्लीतलं मंडपाचं दुकान सोमनाथच्या वडिलांचं, अण्णांचं. अण्णा गेले, मग ऑनलाइन टेंडरं आली, आणि दोन वर्षांपासून हे काम सांडू पगारेची मुलगी करुणा घेत होती. हे तिसरं वर्ष. दुसऱ्या कुणी घेतलं असतं तर सोमनाथनं चार शिव्या देऊन सोडून दिलं असतं. पण हा सांडू म्हणजे अण्णांच्या हाताखालचा गडी. वैजापूरकडच्या खेड्यातून आला तेव्हा त्याला अंथरायला दुकानातलीच फाटकी कनात दिली होती.

खरं तर ही आग जुनी होती. सोमनाथ सोळा वर्षांचा असताना अण्णांनी त्याला एका लग्नाच्या मांडवावर चढवलं. वरच्या वाशापर्यंत गेला आणि खाली बघितलं, तसा त्यानं वासा घट्ट कवटाळला. ना वर जाता येईना ना खाली. सांडू सरसर चढला, त्याच्या कंबरेत हात घालून त्याला लेकरासारखं उतरवून आणलं. सगळे गडी हसत होते. अण्णा हसले नाहीत. ते एवढंच म्हणाले, "सांडू माझ्या पोटी यायला पायजे होता."

अण्णा बोलले आणि विसरले. सोमनाथला मात्र ते शब्द जन्मभर पुरले. पुढं सांडूनं स्वतःचा धंदा काढला तेव्हा मांडवाच्या पहिल्या बल्ल्या अण्णांनीच दिल्या, तेही त्याला सलत राहिलं. त्याला वाटायचं, बापाची निम्मी माया तर हा घेऊन गेलाच होता, आता दुकानही न्यायला निघाला.

दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर त्यानं तोंड सोडलं. "अट बघितली का? म्हणे आग न पकडणारंच कापड पायजे. शहरात तसं कापड कुणाकडं? एकट्या करुणाकडं. तिला समोर बसवूनच अट लिहिली असंल. वर यांचेच लोक बसलेत ना!"

संध्याकाळी रूपाच्या कानावर हे गेलं. ती म्हणाली, "अहो, वर कोण बसलंय ते तुम्हाला तरी ठावं हाय का? गेल्या साली एका लग्नाच्या मांडवाला आग लागल्याची बातमी मीच वाचून दाखवली होती. नवं कापड घ्या म्हणलं, तर हसला तुम्ही."

"तू कुणाच्या बाजूनं बोलती?"

"तुमच्याच. म्हणून तर बोलती."

पण सोमनाथनं हरकत घेतलीच. अट एकाच ठेकेदाराच्या सोयीची आहे, असं लेखी दिलं. सुनावणीला बोलावलं तेव्हा करुणा बापाला घेऊन आली होती. सांडू आता थकला होता, गुडघ्यांवर हात ठेवून बाकावर बसला होता. सोमनाथला पाहून सवयीनं अर्धवट उठला.

"बसा, धाकले मालक."

"मी कुणाचा मालक नाय आता," सोमनाथ तुटकपणे म्हणाला.

आतमध्ये साहेबांनी करुणाला विचारलं. ती म्हणाली, "साहेब, कापड बाजारात कुणालाबी मिळतं. मी कर्ज काढून घेतलं. काकांनीबी घ्यावं. मी कुठं आडवी आले?" आवाज चढवला नाही, सोमनाथकडं रागानं बघितलंही नाही. तिचं ते शांत राहणं त्याला लई झोंबलं. ती भांडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

निकाल लवकर लागेना. कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिला, मुक्तिदिन तोंडावर आला. वादातलं काम कशाला गळ्यात घ्या, म्हणून कार्यालयानं टेंडरच रद्द केलं.

त्या दिवशी सोमनाथ दोन भाकरी जास्त जेवला. करुणाचं तोंड कसं उतरलं असेल, सांडू काय म्हणाला असेल, हेच तो मनात घोळवत बसला. पण तातडीची बाब म्हणून काम पुण्याकडच्या एका बड्या एजन्सीला दिल्याची बातमी आली, आणि त्याच्या आनंदाची हवा गेली. त्या एजन्सीनं या शहरात कधी खुंटीसुद्धा ठोकली नव्हती. लोखंडी सांगाडा आणि कापड त्यांचं, पण माणसं, खुर्च्या, गालिचे सगळं इथूनच गोळा करायचं होतं. त्यांच्या मॅनेजरनं आधी करुणाला फोन केला. तिनं नकार दिला. मग त्यानं सोमनाथला केला, ती नाही म्हणाल्याचंही सांगितलं.

सोमनाथनं होकार दिला. करुणानं सोडलेलं काम आपण उचलतोय, हे त्याला घरी आल्यावर उमगलं.

मुक्तिदिनाला झेंडा चढला, भाषणं झाली. मांडवाच्या कमानीवर एजन्सीचं नाव मोठ्या अक्षरात होतं. सोमनाथ मागं खुर्च्यांच्या ढिगाजवळ उभा होता. पंचवीस-तीस वर्षांचा तो मॅनेजर त्याला म्हणत होता, "ए मामा, पाण्याचे जार पुढे घ्या." त्यानं जार उचलले. घरी हे कुणाला सांगितलं नाही.

पंधरवड्यानं करुणा औरंगपुऱ्यातल्या दुकानात आली. सोमनाथनं खुर्ची पुढं केली, पण चहाचं विचारलं नाही.

"काका, एक मनात आलंय," ती म्हणाली. "पुढच्या साली आपण दोघं मिळून भरू. तुमच्या खुर्च्या, गालिचे, माझं कापड. बाहेरचा आला तर दोघांचंबी वाटोळं हाय. आमचे आबा बी हेच म्हणतात."

बोलणं रास्त होतं. सोमनाथलाही कळत होतं. पण त्याच्या तोंडून निघालं ते वेगळंच. "नाव कुणाचं पहिलं?"

"तुमचं ठेवा की."

तिनं क्षणभरही विचार केला नाही. ज्या पहिल्या मानापायी तो इतकी वर्षं जळत होता, तो तिनं असा सहज काढून दिला, जणू त्याची तिला गरजच नव्हती.

"नको," तो म्हणाला. "गाडेकर कुणाच्या दयेवर मांडव घालत नाय."

करुणा उठली. जाताना "येते काका" म्हणाली.

रूपाला हे कळलं तेव्हा ती दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही.

पुढच्या वर्षी सोमनाथनं नवं कापड घेतलं आणि टेंडर भरलं. करुणानंही भरलं. तिचा दर कमी निघाला, काम पुन्हा तिलाच गेलं. या वेळी बोट ठेवायला एकही जागा त्याला दिसली नाही, तरी टपरीवरच्या मंडळींनी विचारलंच, "काय गाडेकर, घेता का हरकत?"

"कशाला?" तो म्हणाला. "पुण्यावाल्याचे जार उचलायला?"

मंडळींना वाटलं, गाडेकर सुधारला. रूपालाही तसंच वाटलं.

मुक्तिदिनाचं निमंत्रण करुणानं स्वतः घरी आणून दिलं. सोमनाथ इस्त्रीचे कपडे घालून गेला. त्याला पुढं बसवलं. लोक झेंड्याकडं बघत होते, तो मान वर करून कापड न्याहाळत होता. कुठं सुरकुती आहे का, कुठं झोळ पडलाय का, टाके सुटलेत का. राष्ट्रगीत संपलं तरी त्याला काही सापडलं नाही. मग शेजारच्याला "उकडतंय" म्हणून तो उठला आणि बाहेर चहा प्यायला गेला.